नवीन एसएमपीएस बसवला आणि पीसी चालूच होत नाहीये? बोर्ड गेला म्हणायच्या आधी हे बघा

हा प्रॉब्लेम परत परत येतो म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरतं, मग कळतं की कॅबिनेटसोबत आलेला जुना एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना पॉवर देणारा डबा) पुरणार नाही, मग ५५० किंवा ६५० वॅटचा बऱ्यापैकी एसएमपीएस येतो, बसवून होतो आणि बटण दाबलं की एकतर काहीच होत नाही, नाहीतर पंखे गरागरा फिरतात पण स्क्रीन काळीच. मग पहिला विचार येतो तो मदरबोर्ड उडाला असणार, आणि दुकानात नेला तर कधीकधी तिथेही हेच सांगतात आणि नवीन बोर्डाचं कोटेशन हातात देतात. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ना बोर्ड गेलेला असतो ना नवीन एसएमपीएस खराब असतो. एखादी केबल लागलेली नसते, अर्धवट लागलेली असते किंवा भलतीच लागलेली असते. म्हणून कोणी काही विकत घ्यायला सांगितलं तर जरा थांबा आणि आधी नीट तपासा.

सगळ्यात आधी एक काम करा, पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं बंद करा. केबल चुकीची लागली असेल तर प्रत्येक वेळी तुम्ही एसएमपीएसच्या प्रोटेक्शनची परीक्षा घेताय, चांगला एसएमपीएस तेवढं सहन करतो पण त्याला लावलेली हार्ड डिस्क करेलच असं नाही. भिंतीवरचं बटण बंद करा, केबल काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर उरलेला करंट निघून जातो. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तुमचा नवीन एसएमपीएस मॉड्युलर आहे का, म्हणजे केबली सुट्या येतात आणि आपण त्या एसएमपीएसला लावतो तसा? आणि जुनाही मॉड्युलर होता का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर स्वतःला विचारा की जुन्या केबली तशाच ठेवून फक्त डबा बदललाय का. खूप जण असं करतात कारण केबल मॅनेजमेंट एकदा छान झालेलं असतं, ते उसवायचा कंटाळा येतो, आणि प्लग तर नवीन एसएमपीएसमध्ये खट्कन बसतो. पण बोर्डाच्या बाजूचा प्लग स्टँडर्ड असतो, एसएमपीएसच्या बाजूचा नसतो. कुठली पिन कशासाठी हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो. त्यामुळे एखाद्या हार्ड डिस्कला जिथे ५ व्होल्ट जायला पाहिजेत तिथे १२ व्होल्ट जातात, आणि मग पीसी चालू न होणं ही त्यातली सगळ्यात स्वस्तातली गोष्ट ठरते कारण डिस्कमधला डेटा जातो. असं केलं असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी सगळ्या जुन्या केबली काढा, सगळ्या, अगदी एसएसडीची सुद्धा, आणि नवीन एसएमपीएससोबत बॉक्समध्ये आलेल्याच लावा. जुन्या केबली जुन्या एसएमपीएसलाच रबर बँडने बांधून ठेवा म्हणजे पुढे घोळ होणार नाही.

बोर्ड जिवंत आहे का हे बघायचा सगळ्यात सोपा मार्गही तो जुना एसएमपीएसच आहे. कॅबिनेटमध्ये परत बसवायची गरज नाही, कॅबिनेटच्या शेजारी टेबलावर ठेवा, त्याच्या स्वतःच्या केबली लावा, नवीन ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा आणि पीसी चालू करून बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल (इंटेलचे नावात शेवटी एफ असलेले, किंवा रायझन ५ ५६०० सारखे) तर जुनं कार्ड लावा. चालू झाला तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं ठीक आहे आणि तपास फक्त नवीन एसएमपीएस आणि त्याच्या केबलींपुरता राहतो. एवढं करायला अर्धा तास लागतो पण डोक्यावरचं निम्मं टेन्शन जातं.

यापुढे काय करायचं ते लक्षणावर अवलंबून आहे, म्हणून नक्की काय होतंय ते नीट बघा. "चालू होत नाही" असं सगळेच म्हणतात पण त्यात चार-पाच वेगवेगळे प्रकार असतात.

काहीच होत नाही, लाईट नाही, पंखा नाही, आवाज नाही

आधी साध्या गोष्टी. एसएमपीएसच्या मागचा काळा खटका, ज्यावर एक रेघ आणि एक गोल असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला पाहिजे. पॉवर केबल एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत गेलीय का बघा, नवीन सॉकेट घट्ट असतात आणि केबल आत गेल्यासारखी दिसते पण गेलेली नसते. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. एकदम स्वस्तातला किंवा जुना एसएमपीएस कुणाकडून घेतला असेल तर मागे ११५/२३० लिहिलेला छोटा लाल खटका असू शकतो, तो आपल्याकडे २३० वरच पाहिजे, ११५ वर ठेवून भिंतीला लावला तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. आजकालच्या बऱ्यापैकी एसएमपीएसना हा खटका नसतोच, ते आपोआप जुळवून घेतात.

यानंतर बोर्डवर कुठे बारीक लाईट लागतेय का बघा, किंवा नेटवर्क केबलच्या सॉकेटवरची लाईट, किंवा माऊसची लाईट. पीसी बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत असतो (रंगीत वायरी असतील तर ती जांभळी वायर). ही लाईट लागत असेल तर एसएमपीएस अगदीच मेलेला नाही, मग शंका घ्यायची ती कॅबिनेटच्या बटणावर. एसएमपीएस बसवताना हात घालतो तेव्हा समोरच्या पॅनलच्या त्या बारीक वायरी हमखास ओढल्या जातात आणि पॉवर स्विचची दोन पिनांची वायर निघून येते. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना कुठल्या ते बघा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन्हींना क्षणभर एकत्र स्पर्श करा. पीसी चालू झाला तर प्रॉब्लेम फक्त त्या वायरीचा होता.

तरी काही नाही, तर एसएमपीएस एकटा चालतोय का बघायचं. भिंतीवरचं बटण बंद करा, बोर्डाचा २४ पिनांचा मोठा प्लग काढा, बाकी प्रोसेसर, कार्ड, डिस्क सगळ्याच्या केबली काढा. त्या प्लगमधली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी वायर जेमक्लिप वाकवून जोडायची, मग बटण चालू करायचं. बऱ्याच नवीन एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तर हिरवीची जागा ओळखायची अशी: प्लगचा सुटा होणारा ४ पिनांचा तुकडा एका टोकाला असतो, त्याच्या विरुद्ध टोकापासून, ज्या बाजूला क्लिपचा खटका आहे त्या रांगेत मोजत यायचं, चौथी पिन म्हणजे हिरवी, तिच्या दोन्ही शेजारच्या काळ्या, म्हणजे ग्राउंड. मॅन्युअलमध्ये तिचा नंबर १६ असतो. मोजताना खात्री वाटत नसेल तर हे करू नका, दुकानात एसएमपीएस टेस्टर असतो त्यावर दोन मिनिटांत कळतं.

इथे एक गंमत लक्षात ठेवायची. नवीन चांगल्या एसएमपीएसमध्ये कमी लोडला पंखा फिरतच नाही, मुद्दाम तशी सोय केलेली असते, आणि मग लोक "पंखा फिरत नाही म्हणजे पीस डेड आहे" म्हणून परत पाठवतात. मागे इको किंवा हायब्रिड लिहिलेलं बटण असेल तर ते बंद करून बघा, किंवा एखादा कॅबिनेटचा पंखा किंवा एखादी जुनी टाकाऊ हार्ड डिस्क लावा, थोडा लोडही मिळतो आणि फिरतेय का तेही कळतं. घरात मल्टिमीटर असेल आणि वायरी रंगीत असतील तर आणखी चांगलं: पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५. साधा डिजिटल मल्टिमीटर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि पीसीत स्वतः हात घालणाऱ्या माणसाकडे तो असावाच असं मला वाटतं. फक्त एवढं ध्यानात असू द्या की बिनलोडचं रीडिंग बरोबर आलं म्हणजे एसएमपीएस लोडवरही चालेल असं सिद्ध होत नाही. पण काहीच आलं नाही तर खराब आहे हे नक्की, सरळ वॉरंटीत द्या.

पंखे अर्धी फेरी फिरून थांबतात, किंवा चालू-बंद चालू-बंद होतं

हे लक्षण दिसलं की समजायचं एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय आणि तो स्वतःला बंद करून घेतोय. म्हणजे प्रोटेक्शन नीट काम करतंय.

यात पहिला संशय प्रोसेसरच्या केबलवर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांचं (जुन्या किंवा स्वस्त बोर्डात ४ पिनांचं) सॉकेट असतं, ते प्रोसेसरचं. ग्राफिक्स कार्डालाही ८ पिनांचं सॉकेट असतं आणि लांबून दोन्ही प्लग सारखेच दिसतात, पण आतली वायरिंग उलटी असते, एकाला जिथे १२ व्होल्ट तिथे दुसऱ्याला ग्राउंड. पिनांच्या चौकोनी आणि गोलसर खाचा वेगळ्या असतात त्यामुळे चुकीचा प्लग सहज जात नाही, पण अंधारात, कॅबिनेटमध्ये हात अडकलेला असताना, जोर लावून तो बसवलेला मी पाहिलाय. ओळखायची खूण सोपी आहे: प्रोसेसरचा प्लग मधोमध दुभंगतो, ४ आणि ४, आणि कार्डाचा ६ आणि २ असा. प्लगवर सीपीयू किंवा पीसीआय-ई असं लिहिलेलंही असतं, टॉर्च मारून वाचा. बोर्डाला ४ पिनांचंच सॉकेट असेल तर ४+४ मधला अर्धा प्लग लावायचा, उरलेला अर्धा तसाच लोंबत राहिला तर काही बिघडत नाही. बोर्डाला ८ आणि शेजारी आणखी ४ असेल तर ८ लावल्यावर साधारणपणे पीसी सुरू व्हायला हरकत नसते.

केबल बरोबर असेल तर एकेक गोष्ट कमी करत जायचं. ग्राफिक्स कार्ड काढा, हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या केबली काढा, समोरच्या यूएसबीची केबल काढा, रॅमची एकच काडी ठेवा. प्रत्येक वेळी भिंतीवरचं बटण बंद करूनच. सगळं काढल्यावर चालू झाला तर एकेक परत लावत या, ज्याच्यामुळे बंद पडेल तो गुन्हेगार. आणि या निमित्ताने बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला होतात का? मग बोर्डाखाली एखादा स्क्रू पडलेला असू शकतो, किंवा ज्या जागी बोर्डाला भोक नाही तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटीसारखा स्क्रू) राहिलेला असू शकतो, तो मागून शॉर्ट करतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघितला की हे लगेच कळतं.

पंखे फिरतात, लाईट लागतात, पण डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार हाच. इथेही आधी प्रोसेसरचीच केबल बघा, कारण २४ पिनांची केबल लागली की पंखे आणि आरजीबी लाईट चालू होतात आणि वाटतं सगळं जोडलंय, पण प्रोसेसरला पॉवरच नसेल तर बोर्ड पुढे जाणार कसा. ती केबल लांबून, बोर्डाच्या मागून फिरवून आणावी लागते त्यामुळे ती नेमकी राहून जाते.

मग २४ पिनांचा प्लग. यात २० आणि ४ असे दोन तुकडे असतात, दोन्ही एका रेषेत धरून एकदम दाबायचे, नाहीतर तो ४ चा तुकडा वर उचललेला राहतो. खटका वाजला पाहिजे, आणि दाबायला बऱ्यापैकी जोर लागतो, बोर्ड वाकत असेल तर मागून हाताचा आधार द्या. मॉड्युलरमध्ये दुसरं टोकही तपासा, काही एसएमपीएसना ही केबल एसएमपीएसच्या बाजूने दोन वेगवेगळ्या सॉकेटमध्ये लावायची असते, एक मोठा प्लग आणि एक छोटा, आणि छोटा विसरला जातो.

आता ग्राफिक्स कार्ड. कार्डाला जेवढी सॉकेट आहेत तेवढी सगळी भरायची, एक ८ आणि एक ६ असेल तर दोन्ही. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड १७० वॅट घेतं आणि बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणजे वरची केबल नसेल तर ते चालणं शक्यच नाही. काही कार्ड स्क्रीनवर मेसेज देतात की पॉवर केबल लावा, काही नुसते पंखे पूर्ण वेगात फिरवत बसतात. नवीन कार्डांना १६ पिनांचा बारीक कनेक्टर असतो, २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० वर तो वितळल्याच्या तक्रारी खूप गाजल्या होत्या, तो तर अजिबात फट न ठेवता शेवटपर्यंत बसवायचा आणि लगेच वाकवायचा नाही. नंतर आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये आतल्या चार बारीक सेन्स पिना मुद्दाम आखूड केल्या आहेत, प्लग पूर्ण बसला नाही तर कार्डाला पॉवरच मिळू नये म्हणून. त्यामुळे अर्धवट प्लग आणि काळी स्क्रीन ही जोडी इथेही आहेच.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना हेही बघा. घाईत ती बोर्डाच्या एचडीएमआयला लागते, आणि वर सांगितलेले बिनग्राफिक्सचे प्रोसेसर असतील तर तिथून कधीच काही दिसणार नाही.

हे सगळं ठीक असेल तर बोर्डावरच्या बारीक डिबग लाईट बघा, बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट अशा चार असतात आणि जिथे अडकलंय तिथली पेटून राहते. डीरॅमवर अडकलं तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत दाबून लावा. २४ पिनांचा प्लग जोर लावून काढताना-घालताना शेजारची रॅम हलते, त्यामुळे एसएमपीएस बदलल्यावर रॅमचा प्रॉब्लेम येण्यात काही नवल नाही. कोकणपट्टीत दमट हवेत तर या पट्ट्यांवर थर साचतोच, महिनोन्महिने हलवली नव्हती तोवर चालत होती आणि जरा हलली की रुसते.

तरीही नाही, तर बायोस (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग जिथे असतात ते) रीसेट. भिंतीवरचं बटण बंद, केबल काढलेली, बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर शॉर्ट करा. पण हे करायच्या आधी दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रीसेटनंतर ते रिकव्हरी की मागू शकतं, ती मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून हाताशी ठेवा. दोन, डीडीआर५ रॅमचा पीसी असेल तर रीसेटनंतरच्या पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून मध्येच बंद केलं की ते परत पहिल्यापासून सुरू. तेव्हा चालू करा आणि चक्क चहा करून या.

बायोस दिसतं पण विंडोज येत नाही

इथपर्यंत आलात तर पॉवरचं काम झालं, आता डिस्कचं बघायचं. साटा डिस्क (केबलने जोडायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी) असेल तर तिला दोन केबली लागतात, एक एसएमपीएसची रुंद आणि एक बोर्डाची अरुंद, आणि दुसरी फार पटकन सैल होते. डिस्क बायोसमध्ये दिसत असूनही बूट होत नसेल तर रीसेटमुळे सेटिंग बदललीय: बूट ऑर्डर बघा, आणि जुनं विंडोज लेगसी मोडमध्ये (जुन्या बूट पद्धतीने) टाकलेलं असेल तर बायोसमधला सीएसएम हा पर्याय परत चालू करावा लागेल. बायोसमधला साटा मोड आधी रेड (RAID) होता आणि आता एएचसीआय झाला (किंवा उलट) तर विंडोज निळा स्क्रीन देतं, आधी जे होतं ते परत करा, विंडोज नव्याने टाकायला जाऊ नका.

एक वेगळीच केस अशी की जुन्या एसएमपीएसवर चालणारी हार्ड डिस्क नवीनवर फिरतच नाही, आणि ती बहुतेक बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली मोठी डिस्क असते. काही नव्या डिस्कमध्ये साटाच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते अशी सोय आहे, सर्व्हरसाठी केलेली. जुन्या एसएमपीएसच्या केबलमध्ये ती ३.३ व्होल्टची वायर नसेल तर डिस्क चालते, नवीनमध्ये असेल तर नाही. मोलेक्स (एसएमपीएसचा जुना ४ पिनांचा मोठा प्लग) ते साटा कन्व्हर्टर लावला की त्यात ३.३ व्होल्ट येतच नाहीत आणि डिस्क फिरायला लागते. फक्त कन्व्हर्टर चांगला घ्या, वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेले एकदम स्वस्तातले जळाल्याची उदाहरणं आहेत.

दोन दिवस चालतो, मग परत तेच

घरी चालत नाही आणि दुकानात मात्र व्यवस्थित चालतो अशी तक्रार असेल तर मी आधी यूएसबी, रॅम वगैरे काही न बघता यूपीएसकडे बघतो. आपल्याकडे घराघरात ६०० व्हीएचा यूपीएस असतो, त्यावर ६०० लिहिलेलं असलं तरी तो साधारण ३६० वॅटच देतो, आणि त्याची बॅटरीवरची वेव्ह भिंतीच्या सप्लायसारखी खरी साइन वेव्ह नसते. नवीन एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि त्यातल्या काहींचं या यूपीएसशी जमत नाही, लाईट गेली की पीसी खट्कन बंद, किंवा यूपीएसच बीप करून आडवा. वरून नवीन कार्ड लावलेलं म्हणजे लोडही वाढलेला. आठवडाभर यूपीएसशिवाय थेट भिंतीला लावून वापरा, त्रास गेला तर एसएमपीएस बदलून काही होणार नाही, जास्त वॅटचा आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा लागेल. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग नाहीये किंवा तुटलंय, इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो विषय लांबणीवर टाकू नका.

भिंतीला लावूनही कधी चालू होतो कधी नाही असं असेल, जुन्या एसएमपीएसवर मात्र कायम नीट चालत असेल, तर मग खरोखर नवीन पीस सदोष आहे. परत करताना बिल, बॉक्स आणि सगळ्या केबली एकत्र द्या, डब्यावरचं सील फोडू नका, आणि दुकानदाराला नुसतं "चालत नाही" न सांगता कुठल्या लक्षणावर काय काय करून बघितलं ते सांगा, शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. त्यांच्या टेबलावर तो बिनलोडचा चालू होऊन दाखवतो आणि परत तुमच्या हातात येतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड लावून, लोडवर टेस्ट करा असा आग्रह धरा.

इतकं करूनही अडकलात तर बोर्डाचं मॉडेल, प्रोसेसर, कार्ड, दोन्ही एसएमपीएसचे मॉडेल, कुठली डिबग लाईट पेटतेय आणि यूपीएस आहे का एवढं लिहा, सोबत केबलींचे जवळून काढलेले फोटो टाका, दोन्ही टोकांचे.